पेरू देशातील अन्नव्यवहार व आपली कोठी

पेरू म्हटले की आपल्या इकडील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम बागेतले फळ उभे राहते. परंतु याच नावाचा एक देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि आपल्या चुलीशी त्याचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. बटाटा मूळचा तिकडील अँडीज पर्वताच्या मुलखातला. भुईमूग त्याच खंडातला. पिढ्यान्‌पिढ्या महसुली दप्तरात पीकपाहणीच्या नोंदी होत आल्या. त्याच नोंदींत आमची उमर गेली. त्यामुळे कोणत्याही परमुलखाची हकिगत वाचताना तेथे पाणी कोठून येते आणि घरात धान्य किती उरते, या दोन गोष्टी प्रथम पाहण्याची आम्हास खोड आहे. त्या दृष्टीने बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाईतदारांस हा देश विचार करण्याजोगा वाटेल.

परक्या माणसास तेथे राहताना पहिले नवल वाटते ते हवेचे. आपल्याकडे मृगाची वाट पाहावी त्या जून महिन्यात तिकडे हिवाळा असतो. समुद्रकाठची सारी पट्टी वाळवंट आहे. लिमा या राजधानीवर महिनेच्या महिने धुके दाटते, परंतु छत्री उघडण्याजोगा पाऊस पडत नाही. किनाऱ्यावर शेती होते ती केवळ अँडीजवरून उतरणाऱ्या नद्यांच्या पाटांवर. भाटघरच्या पाण्यावर व नीरा डाव्या कालव्यावर ज्यांची बागाईत उभी आहे, त्यांस हे समजावून सांगणे न लगे.

जेवणाचे म्हणाल तर दुपारचे जेवण हेच मुख्य. लहान खाणावळीत ठरावीक दरात प्रथम वाडगाभर सूप येते व नंतर मुख्य ताट; त्यात भात आणि बटाटा शेजारी शेजारी असतात, याचे आपल्या माणसास हसू येईल. किनाऱ्यावर कच्ची मासळी लिंबाच्या रसात मुरवून कांदा, मिरची व रताळ्यासह खातात. तिला सेविचे म्हणतात. शाकाहारी माणसाची थोडी पंचाईत होते, कारण सूप बहुधा मांसाच्या रश्श्याचे असते. तरी उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीची व चिजाची दाट चटणी घालून जो पदार्थ देतात, तो आपल्या जिभेस खचित रुचेल. मका भाजून लाह्यांप्रमाणे खातात. डोंगरात तर जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर मांस, बटाटे व शेंगा रचून, वर माती लोटून भाजतात आणि सारा गोतावळा भोवती बसून जेवतो. आपल्या हुरड्याच्या आगटीची आठवण कोणास होणार नाही?

परंतु खरी घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. होसे दे आकोस्ता नावाचा स्पॅनिश पाद्री १५७२ साली पेरूत आला व १५८६ पर्यंत तेथे राहिला. १५९० साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात चुन्यो या पदार्थाचे वर्णन आहे. उंच पठारावर कडक थंडीच्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठू देतात, सकाळी पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात व उन्हात खडखडीत वाळवितात. असा बटाटा कित्येक वर्षे टिकतो. ही रीत आजही चालू आहे. शिवाय डोंगरातील शेतकरी एकाच वावरात बटाट्याच्या अनेक जाती लावतो, म्हणजे हिमाने वा किडीने एक गेली तरी दुसरी हाती लागते. या हजारो जातींचे जतन व अभ्यास करण्याकरिता १९७१ साली लिमा येथे आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र स्थापन झाले.

याच देशाची दुसरी बाजूही पाहावी. उत्तर किनाऱ्यावर उसाच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. १९६९ च्या जमीनसुधारणा कायद्याने त्या मोडून कामगारांच्या सहकारी संस्था केल्या. पुढे बऱ्याच संस्था कर्जात बुडाल्या व खासगी भांडवलाच्या हाती गेल्या. दक्षिणेकडील इका खोऱ्यात परदेशी पाठविण्याकरिता शतावरीच्या कोंबांची व द्राक्षांची लागवड वाढली. पैसा आला, परंतु भूगर्भातील पाणी खाली गेले आणि लहान शेतकऱ्याच्या विहिरीस त्याची झळ लागली. डोंगरातील गरीब शेतकऱ्याच्या घरी दुष्काळाची बेगमी असावी आणि किनाऱ्यावरील श्रीमंत पिकाखालचे पाणीच आटावे, हा विरोध ध्यानात धरण्यासारखा आहे.

आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉकची पद्धत सुचविली, तिचे मर्म हेच की सर्व क्षेत्र उसाखाली घालू नये. ऊस ठरावीक हिश्शातच असावा व बाकीच्यात इतर पिकांची पाळी फिरावी. १९७२ च्या दुष्काळात परदेशची तांबडी मिलो खाण्याची वेळ कशी आली, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस विचारावे. आज ऊस, द्राक्ष व डाळिंब यांनी घरात पैसा आणला, यात वाद नाही. परंतु पेवे बुजली, कणग्या गेल्या, आणि बागाईतदाराच्या घरीही ज्वारी बाजारातून येऊ लागली.

ऊस सोडा असे आमचे म्हणणे नाही. एवढीच विनंती आहे की, यंदा रब्बीच्या पाण्याचा नमुना सातचा अर्ज भरताना घरच्या माणसांची संख्या मोजावी आणि तेवढ्यांस वर्षभर पुरेल इतकी ज्वारी, तिच्या काठाने थोडा करडई-हरभरा, यांचे क्षेत्र आधी लिहावे, उसाचे त्यानंतर. ज्वारीस उसाच्या मानाने पाणी फार थोडे लागते; कडब्याने दावणीची जनावरेही जगतात. कारखान्याचा हप्ता लांबला अथवा पाळी चुकली, तरी घरच्या कोठीतली भाकरी लांबत नाही.