बाइट्समधून पुनर्जन्म

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत एक करार आहे, त्यात एकही कलम नाही. नाव ‘सिरिअलायझेबल’. जावातला इंटरफेस म्हणजे एक प्रकारचा करारच. तो स्वीकारला की त्यात सांगितलेल्या मेथड्स लिहून द्याव्याच लागतात, नाहीतर कंपायलर पुढे सरकू देत नाही. हा इंटरफेस मात्र कोरा. प्रोग्रॅमरने आपल्या क्लासच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याच्या, माथ्यावर त्याचं नाव लिहायचं, की झालं. तेवढ्यावर जावा त्या क्लासचा ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरवून ठेवतं, नेटवर्कवरून धाडतं आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उभा करतं. फेब्रुवारी १९९७मध्ये जावा १.१बरोबर ही सोय आली आणि प्रोग्रॅमर मंडळींनी ती डोक्यावर घेतली. २०१८मध्ये जावाचे मुख्य शिल्पकार मार्क रेनहोल्ड यांनी ‘ती भयंकर चूक होती’ अशा अर्थाचं जाहीर विधान केलं. जावातल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी एक तृतीयांश, कदाचित निम्म्याही, या सोयीशी जोडलेल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता.

कोऱ्या करारात एवढं काय दडलं होतं?

बँकेच्या सॉफ्टवेअरमधलं एखादं खातं म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात शिल्लक असते, खातेदार असतो, व्यवहारांची यादी असते आणि ‘शिल्लक उणे होऊ द्यायची नाही’ यासारखे नियमही असतात. हा ऑब्जेक्ट राहतो संगणकाच्या मेमरीत. प्रोग्रॅम बंद झाला की तो संपला. टिकवायचा तर त्याची बाइट्सची एक सरळ ओळ करावी लागते. तिला म्हणतात सिरिअलायझेशन. उलट दिशेची क्रिया डिसिरिअलायझेशन, आणि सगळी गंमत, सगळं संकटही, या उलट्या दिशेत आहे.

सरळ दिशासुद्धा वाटते तितकी सरळ नाही. खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये खातेदार प्रत्यक्ष नसतो, मेमरीतला त्याचा पत्ता असतो. हा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ अशा धाटणीचा. त्या गावात तो अचूक. दुसऱ्या गावातही मारुतीचं देऊळ असतं, मागे घरही असतं, पण आत भलतंच कुणी राहतं. तोच प्रोग्रॅम उद्या पुन्हा चालू केला तरी गाव बदललेलं असतं. म्हणून पत्ते जसेच्या तसे लिहून चालत नाही. एका ऑब्जेक्टपासून निघून त्याला जोडलेले सगळे ऑब्जेक्ट फिरून यावे लागतात, प्रत्येकाला पहिल्या भेटीत क्रमांक द्यावा लागतो आणि तोच पुन्हा भेटला तर फक्त क्रमांक लिहावा लागतो. खात्यात खातेदार आणि खातेदाराकडे तेच खातं, असं वर्तुळ असलं तर क्रमांकांशिवाय ही फेरी कधी संपणारच नाही.

हे काम कुणी करायचं, यावर भाषांची वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यातलं मला सर्वांत शहाणं वाटणारं उत्तर जावातल्या या सोयीच्याही पंधरा वर्षं आधीचं आहे. १९८२मध्ये मॉरिस हर्लिही आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी एमआयटीतल्या ‘क्लू’ या भाषेच्या संदर्भात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिस्कोव्हबाईंना पुढे २००८चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. त्या निबंधाचा मुद्दा असा की पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या संगणकांवर एकाच प्रकारची वस्तू आतून वेगळी असू शकते. एकीकडे ती क्रमवार यादी म्हणून ठेवलेली असेल, दुसरीकडे आणखी कुठल्या रचनेत. म्हणून आतली रचना पाठवायचीच नाही. दोघांनी एक बाह्य रूप ठरवायचं. त्या रूपात कसं जायचं आणि त्यातून परत कसं यायचं, हे त्या प्रकाराच्या लेखकाने दोन क्रियांमध्ये लिहून द्यायचं. थोडक्यात, करारात दोन ठोस कलमं.

स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीतून ॲपलकडे आलेल्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्येही करार असाच दोन मेथड्सचा होता. एक लिहून घेणारी, दुसरी लिहिलेल्यातून ऑब्जेक्ट घडवणारी. सी प्लस प्लसमध्ये तर ऑब्जेक्टला चालू प्रोग्रॅममध्ये आपल्याच आत काय आहे ते सांगता येत नाही, तेव्हा सगळं हाताने लिहिण्यावाचून गत्यंतर नसे.

जावाने ही मेहनत वाचवली. भाषा स्वतःच क्लासच्या आत डोकावते, खासगी म्हणून कुलूपबंद केलेल्या जागाही वाचते आणि बाइट्स लिहून टाकते. पासवर्डसारखं काही वगळायचं असेल तर त्यापुढे ‘ट्रान्झियंट’ लिहायचं. सगळा ताबा स्वतःकडे हवा असेल त्यांच्यासाठी ‘एक्स्टर्नलायझेबल’ नावाचा दोन मेथड्सचा दुसरा इंटरफेसही होता, पण कोरा करार हाताशी असताना त्याच्या वाटेला जातो कोण?

खरी मेख परत उभं करण्यात होती. एरवी ऑब्जेक्ट जन्माला येतो तो कन्स्ट्रक्टरमधून, आणि नियम तपासले जातात ते तिथेच. आरंभाची तारीख शेवटच्या तारखेच्या आधी आहे ना? रक्कम उणे नाही ना? कोऱ्या कराराच्या वाटेने ऑब्जेक्ट परत येतो तेव्हा त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. बाइट्समध्ये जे लिहिलं असेल ते थेट आत भरलं जातं. हाताने बाइट्स बदलून पाठवले तर कन्स्ट्रक्टरने उंबऱ्यावरच अडवला असता असा ऑब्जेक्ट आत येऊन बसतो.

याहून गंभीर प्रश्न इंटरफेसमुळेच येतो. समजा, पावतीच्या क्लासमध्ये ‘पेमेंट’ या इंटरफेसची एक जागा आहे. तिथे रोख रकमेचा ऑब्जेक्ट असेल, यूपीआयचा असेल किंवा धनादेशाचा. चालू प्रोग्रॅममध्ये हे फार सोयीचं असतं. कोण आहे याच्याशी कर्तव्य नाही, करार पाळला म्हणजे झालं. पण परत उभं करताना नुसत्या करारातून ऑब्जेक्ट घडवता येत नाही, ठोस क्लासचं नाव लागतं. ते कुठून आणायचं? जावाचं उत्तर होतं, आलेल्या बाइट्समधून. म्हणजे आपल्या सर्व्हरवर कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट जन्माला यावा, हे संदेश पाठवणारा ठरवणार.

जानेवारी २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा परिषदेत ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी याचा अर्थ उलगडून दाखवला. सर्व्हरवर शेकडो क्लास पडलेले असतात, कितीतरी कधी वापरलेही न गेलेले. जावाची हॅशमॅप ही किल्ली-मूल्य जोड्यांची रचना परत उभी होताना आपल्या प्रत्येक किल्लीला ‘तुझा हॅश सांग’ असं विचारते, म्हणजे किल्लीची एक मेथड चालवते. त्या किल्लीच्या जागी असा ऑब्जेक्ट ठेवायचा, ज्याची ती मेथड तिसऱ्याला हाक मारते, तिसरा चौथ्याला. ‘अपाची कॉमन्स कलेक्शन्स’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत तर दिलेल्या नावाची कुठलीही मेथड चालवणं एवढंच काम करणारा एक क्लास होता. एकेक क्लास निरुपद्रवी, पण साखळी जुळली की शेवटी सर्व्हर हल्लेखोराची आज्ञा पाळतो. नोव्हेंबरमध्ये अशीच साखळी वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेनकिन्स अशा बड्या सॉफ्टवेअरवर चालवून दाखवली गेली, तेव्हा धावपळ उडाली.

प्रोग्रॅमर म्हणेल, मी तर आलेला ऑब्जेक्ट खात्याचा आहे का ते तपासतो. तपासतो, पण केव्हा? ऑब्जेक्ट पूर्ण उभा राहिल्यावर. तोवर साखळीने आपलं काम उरकलेलं असतं. ॲपलने २०१२मध्ये ऑब्जेक्टिव्ह-सीच्या कराराची जी सुरक्षित आवृत्ती आणली, तिच्यात नेमका हाच क्रम उलटा केला. कुठला क्लास अपेक्षित आहे ते घेणाऱ्याने आधी सांगायचं, मगच ऑब्जेक्ट घडवायचा. बदल कागदावर दिसायला क्षुल्लक आहे.

पायथनची कथा अधिक धीट. तिथल्या ‘पिकल’ या सोयीत फाइलमध्ये नुसती माहिती नसते, सूचना असतात आणि एक छोटं यंत्र त्या एकामागून एक पाळत जातं. ऑब्जेक्ट स्वतःच सांगू शकतो की मला परत उभं करायचं असेल तर अमुक फंक्शन अमुक माहिती देऊन चालवा. ते फंक्शन संगणकाला थेट आज्ञा देणारंही असू शकतं. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात यावर स्पष्ट इशारा आहे, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स वर्षानुवर्षं पिकल फाइलींमधूनच हिंडत राहिली. अनोळखी माणसाने बनवलेलं मॉडेल डाउनलोड करून उघडायचं म्हणजे त्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवायचा! २०२२मध्ये हगिंग फेस या कंपनीने ‘सेफटेन्सर्स’ हा फाइलप्रकार आणला. त्यात सुरुवातीला वर्णन आणि पुढे निव्वळ आकडे, सूचना एकही नाही. मॉडेल्स बनवण्याच्या पायटॉर्च या लायब्ररीने जानेवारी २०२५मधल्या २.६ या आवृत्तीपासून, वेगळं काही सांगितलं नाही तर फक्त मॉडेलचे आकडेच स्वीकारायचे, असं ठरवलं.

पीएचपीने तर करार तीनदा लिहिला. आधी दोन जादुई मेथड्स, मग ५.१मध्ये एक इंटरफेस, मग २०१९च्या ७.४मध्ये पुन्हा दोन नव्या मेथड्स. ८.१पासून फक्त त्या इंटरफेसवर विसंबणाऱ्या क्लासना ‘हे कालबाह्य आहे’ अशी सूचना मिळू लागली. पीएचपीत मजकूर साठवताना आधी त्याची लांबी लिहितात आणि ती अक्षरांत नव्हे, बाइट्समध्ये असते. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट्स, म्हणून लांबी १२. आता कुणी डेटाबेसमध्ये सरसकट ‘पुणे’ काढून ‘मुंबई’ टाकलं तर मजकूर होतो १५ बाइट्सचा, पण नोंद राहते १२ची, आणि ऑब्जेक्ट परत उभा राहायला नकार देतो. वर्डप्रेसची साइट एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवताना मांडणी, विजेट्स अचानक गायब होतात, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

नंतरच्या भाषा या सगळ्याकडे पाहत घडल्या. गो भाषेच्या ‘गॉब’ या पद्धतीत इंटरफेसच्या जागी येऊ शकणाऱ्या प्रत्येक क्लासची, त्यांच्या भाषेत ‘टाइप’ची, नोंद घेणाऱ्याने आधी करून ठेवावी लागते. यादीबाहेरचं नाव आलं की काम थांबतं. साठवलं काय जावं याचा नियमही नावातच आहे. पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच ती जागा बाहेर दिसते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून गोमध्ये एखाद्या जागेला ‘वय’ असं नाव दिलं तर ते चालतं, पण साठवलं जात नाही. ‘नाव’ तर चालतही नाही, कारण गोला काना-मात्रा अक्षर म्हणून मंजूर नाहीत.

रस्टची ‘सर्डी’ ही लायब्ररी मला लिस्कोव्ह-हर्लिहींच्या विचाराची थेट वारसदार वाटते. तिच्यात २९ प्रकारांची एक मधली भाषा आहे. प्रत्येक टाइप त्या भाषेत स्वतःचं वर्णन करतो आणि जेसनसारखा प्रत्येक फाइलप्रकार त्या भाषेचं आपल्या बाइट्समध्ये रूपांतर करतो. दोघांची एकमेकांशी ओळख नसते. कराराची कलमं भरपूर आहेत, पण प्रोग्रॅमर एक ओळ लिहितो आणि कंपायलर ती भरून देतो. जावाची सोय मिळते, आणि आत डोकावण्याचं काम प्रोग्रॅम चालू असताना नव्हे, तो बनतानाच उरकलेलं असतं.

जावातही दुरुस्ती झाली. २०१७च्या नवव्या आवृत्तीत येणाऱ्या बाइट्सवर चाळणी लावता येऊ लागली. २०२१मध्ये कायम झालेले ‘रेकॉर्ड’ नावाचे क्लास परत येतात ते कन्स्ट्रक्टरमधूनच. कोरा करार मात्र अजून तिथेच आहे. तो काढून टाकला तर अडून बसतील अशा जुन्या प्रणाली कमी नाहीत.

मायक्रोसॉफ्टने मात्र अशी सोय मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या डॉटनेट या प्लॅटफॉर्ममधला ‘बायनरी फॉर्मॅटर’ हा जावाच्या सोयीचाच भाऊ. नोव्हेंबर २०२४च्या डॉटनेट ९मध्ये त्याचं नाव शिल्लक आहे, पण वापरायला गेलं तर एररशिवाय काही मिळत नाही. जुन्या फाइली अडकलेल्यांसाठी कंपनीने एक वेगळा वाचक दिला आहे. तो त्या फाइलीतली क्लासची नावं, आकडे, मजकूर सगळं वाचून दाखवतो, पण त्या नावांचा एकही ऑब्जेक्ट घडवत नाही. घडवायचा की नाही ते वाचून झाल्यावर प्रोग्रॅमरने ठरवायचं, आणि तेही आपल्याच कन्स्ट्रक्टरमधून.