पोटाची चाकरी आणि गळ्यातले गाणे

शाळा, शेती किंवा कचेरी सांभाळून गाणे जमेल काय, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडत असेल. पुण्यात तो हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील तरुणांनाही पडतो. सकाळी बस गाठायची, दिवसभर पडद्यापुढे बसायचे, रात्री घरी यायचे. मग तंबोरा जुळवायचा केव्हा?

या बाबतीत डॉ. वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. जन्म १९२० सालचा, वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी धरली आणि ती जवळजवळ दोन तपे केली. दिवसा आकडे, रात्री गाणे! बदली झाली तीही थेट ईशान्य सीमेवर, नेफात. नोकरीने घर चालले हे खरे. पण तिने गवयाची ऐन उमेदीची वर्षे घेतली, हेही तितकेच खरे. नोकरी सोडल्यानंतर १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचे नाव घरोघर पोचले. तेव्हा वय होते सत्तेचाळीस. या कथेचे नुसते कौतुक करणे मला बरे वाटत नाही. किंमत मोठी पडली.

मग एवढ्या धबडग्यात गाणे टिकले कसे? त्याचे एक कारण लहानपणच्या तालमीत असावे. लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांना तीन महिने एकच राग शिकविला, मारवा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम अजिबात नाही. एवढ्याच सामग्रीत तीन महिने! नोकरदाराने हे लक्षात घ्यावे. पन्नास रागांची वही भरण्यापेक्षा एक राग धरून बसावे. आणि गंमत पाहा, मारव्याची वेळ सूर्यास्ताची, म्हणजे कचेरी सुटण्याचीच.

प्रत्येकाला गवई व्हायचे नसते, आणि तशी गरजही नाही. सोलापूरचे अच्युत गोडबोले मुंबईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकले, सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रमुखपदापर्यंत चढले, आणि सुलभा पिशवीकर यांच्यासह रागसंगीतावर ‘नादवेध’ हे पुस्तक लिहिले. गाणे समजून ऐकणे आणि दुसऱ्याला समजावून देणे, हीही संगीताची सेवाच की! शिक्षकांना तर हा मार्ग फार जवळचा आहे.

आता रियाजाचे. रविवारी चार तास बसून आठवडाभर गप्प राहिलात, तर गळा आणि कान दोन्ही पुन्हा कोरे होतात. त्यापेक्षा रोज पहाटे अर्धा तास खर्जाचे स्वर संथपणे लावा. तंबोरा नसेल तर मोबाइलवर त्याचा आवाज मिळतो. सच्च्या तंबोऱ्याची आस त्याला नाही, पण सूर हलत नाही, एवढे काम तो चोख करतो. पुरुषांनी साधारण काळी एक किंवा दोन धरावी, बायकांनी काळी चार किंवा पाच. शाळेतल्या लहान मुलांनाही वरचीच पट्टी मानवते, बरं का. गुरुजींच्या पट्टीत त्यांना ओढू नका.