पासवर्ड विसरलात? फॉर्मॅटची घाई नको

लॉगिनचा पासवर्ड आठवेना, की बहुतेक जण लॅपटॉप उचलून थेट दुरुस्तीच्या दुकानात जातात. त्याआधी थोडं थांबून कॉम्प्युटर नेमका कशामुळे अडलाय हे समजून घेतलं, तर वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं वाचू शकतात.

‘फॉर्मॅट मारावा लागेल,’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. विंडोज नव्यानं टाकलं जातं, कॉम्प्युटर सुरू होतो, ग्राहक पैसे देऊन घरी येतो. पण तोवर बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध असं सगळं उडालेलं असतं. फॉर्मॅट हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि अनेकदा त्याची गरजच नसते.

आधी कीबोर्ड तपासा

पासवर्ड बरोबर असूनही कॉम्प्युटर तो नाकारतोय, असं बरेचदा होतं. कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं. नम लॉक बंद असल्यानं उजवीकडच्या बटणांवरून आकडेच उमटत नाहीत. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दिसणारी भाषा आवर्जून पाहावी. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर तुम्ही दाबताय इंग्रजी अक्षर आणि उमटतंय देवनागरी. चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यानं ही चूक कळत नाही. चौकटीच्या कडेला डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून पाहा. काय टाइप झालंय ते लगेच दिसेल.

जुना पासवर्ड कुणीच का सांगू शकत नाही?

कॉम्प्युटरवरचा पासवर्ड सुरू झाला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. एकच मोठा संगणक अनेकांनी वापरायचा, तर प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सोय केली. पण सगळे पासवर्ड एका फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये एका गफलतीमुळे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी पासवर्डची यादीच दिसू लागली.

अशा अनुभवांतून पुढे पासवर्ड साठवायचाच नाही, ही पद्धत रुळली. बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या अनुभवावरून तिची सविस्तर मांडणी केली. पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया करून येणारं उत्तर, म्हणजे हॅश, तेवढं जपून ठेवायचं. तुम्ही पासवर्ड टाकला की यंत्र तीच प्रक्रिया पुन्हा करतं आणि दोन उत्तरं जुळतात का ते पाहतं. पासवर्डमधलं एक अक्षर बदललं तरी उत्तर पार वेगळं येतं आणि उत्तरावरून उलट पासवर्ड काढायचं सूत्र नसतं. म्हणूनच विसरलेला पासवर्ड कुणी शोधून देत नाही. त्याच्या जागी नवा लावायचा असतो.

खातं कोणतं, त्यावर उपाय ठरतो

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. लॉगिनच्या पडद्यावर ईमेल पत्ता दिसत असेल, तर ते बहुधा मायक्रोसॉफ्टचं खातं असतं. मग काम सोपं आहे. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या पासवर्ड बदलण्याच्या पानावर जा, नोंदवलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर आलेला कोड टाका, नवा पासवर्ड लावा आणि कॉम्प्युटर इंटरनेटला जोडून लॉगिन करा. फक्त पिन विसरला असाल तर पिनच्या चौकटीखालीच तो बदलण्याचा पर्याय असतो. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, पासवर्ड संपूर्ण खात्याचा.

खातं फक्त त्या यंत्रावरचं, म्हणजे लोकल असेल, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली ‘रिसेट पासवर्ड’ दिसतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून लोकल खात्याला तीन सुरक्षा प्रश्न जोडण्याची सोय आहे. त्यांची उत्तरं दिली की काम झालं. कुणी आधीच पेन ड्राइव्हवर पासवर्ड रिसेट डिस्क करून ठेवली असेल, तर नंतर पासवर्ड कितीदा बदलला असला तरी ती चालते. घरात त्याच यंत्रावर दुसरं ॲडमिन खातं असेल, तर तिथूनही नवा पासवर्ड लावता येतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारणं हाच मार्ग.

कुलूप दाराला की तिजोरीला?

पूर्वी विंडोजचा पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप होतं. मागचं दार उघडंच असायचं. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून हॅशची नोंद पुसता यायची. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फायली दिसायच्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात बदललेली नसेल, तर दुसऱ्या यंत्राला जोडून फायली काढून घेणं आजही शक्य आहे. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा: ‘आधी डेटा काढा, मग विंडोज टाका.’

पण नव्या लॅपटॉपवर डिस्कवरची माहितीच सांकेतिक रूपात असते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या बहुतेक नव्या यंत्रांवर हे आपोआप चालू होतं. अशा यंत्राची डिस्क काढली किंवा काही वेळा मदरबोर्ड बदलला, की विंडोजच्या ‘बिटलॉकर’ या एन्क्रिप्शनच्या सोयीचा निळा पडदा ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पडद्यावर त्या कीचा ओळख क्रमांकही असतो. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेल्या कींमधून तो जुळवून योग्य की निवडायची. मॅकवर फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सवर लक्स हेच काम करतात. की आणि खातं दोन्ही हातचं गेलं, तर ती माहिती मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपललासुद्धा परत देता येत नाही. चोरापासून वाचवणारी ही भिंत मालकालाही अडवते. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन असेच एका सुरक्षित ड्राइव्हमध्ये अडकल्याची बातमी २०२१ मध्ये जगभर गाजली. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला होता आणि ड्राइव्हनं दिलेल्या दहा प्रयत्नांपैकी आठ वाया गेले होते.

गडबडीत फसू नका

घाबरलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो आणि भामट्यांच्या हाती लागतो. फोनवरून कोड, ओटीपी किंवा रिकव्हरी की कुणालाही सांगू नका, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. आणि हे सगळे उपाय स्वतःच्या यंत्रापुरतेच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये अप्रामाणिक हेतूनं, परवानगीशिवाय शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पासवर्ड आठवत असतानाच

वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक मार्ग आधी केलेल्या तयारीवर चालतो. म्हणून आज खात्यात कोणता मोबाइल नंबर आहे ते तपासा. बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. रिकव्हरी की कागदावर उतरवून बँकेच्या कागदपत्रांसोबत ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. लोकल खातं असेल तर सुरक्षा प्रश्न भरा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. अनेक घरांत सगळे व्यवहार एकाच माणसाच्या लॅपटॉपवर असतात. तो आजारी पडला किंवा गेला, की दुःखाच्या दिवसांत विम्याचे आणि गुंतवणुकीचे कागद शोधत घरच्यांना वणवण करावी लागते. रिकव्हरी कीचा तो कागद कुठे ठेवलाय, हे घरातल्या किमान एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. ही जबाबदारी लॅपटॉप वापरणाऱ्याचीच आहे आणि ती पार पाडायला एक निवांत सकाळ पुरेशी आहे.