तान्ह्या बाळाच्या पाठीवरचा लाल डाग

माता-भगिनींनो आणि घरोघरच्या आजीबाईंनो, आज ऊस-खताची गोष्ट नाही. बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालताना त्याची पाठ तुमच्याच नजरेखालून जाते, म्हणून हे चार शब्द तुमच्यासाठी.

मागे पंचगंगेकाठच्या एका गावी उसाची पाहणी करून चहाला टेकलो होतो. आजींनी दोन महिन्यांची नात पुढे केली. "साहेब, सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोरीला हे लासं उठलं. बिब्बा घालू का?" कमरेखाली, बरोबर कण्याच्या रेषेवर, दहाच्या नाण्याहून मोठा तांबडालाल डाग होता. मी म्हणालो, "आजी, मी पिकांचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण बिब्बा नको. उद्याच दवाखाना गाठा."

या डागाचा ग्रहणाशी काही संबंध नाही. ही रक्तवाहिन्यांची गाठ. डॉक्टर तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे. शंभरात चार-पाच बाळांना ती होते. मुलींना आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना जास्त. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत ती उमटते, पाच महिन्यांपर्यंत झपाट्याने वाढते आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरते. बहुतेकींना औषधही लागत नाही. बाळाच्या कमरेवरचा सपाट, निळसर करडा डाग मात्र वेगळा. तो आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतो आणि आपोआप जातो.

मग घाई कशाला? कारण जागा. उसाचा पोंगा सुकलेला दिसला की आपण खोडात कीड शोधतो. तसेच कमरेखाली, मध्यरेषेवर मोठी लाल गाठ असेल, तर आत मणक्याची घडण अपुरी राहिलेली असू शकते. मज्जारज्जू खाली अडकून बसतो आणि मूल वाढू लागले की ताणला जातो. पाय लुळे पडतात, पाऊल वाकडे होते, लघवी-शौचावरचा ताबा जातो. गेलेली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. क्वचित ही गाठ मणक्याच्या पोकळीत किंवा मेंदूपाशीही वाढते. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर मोठा पसरट लाल डाग असेल, तर मेंदू, त्याच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासावे लागतात.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. मध्यरेषेवर अडीच सेंटिमीटरहून मोठा लाल डाग, त्याशेजारी खळगा, केसांचा झुपका किंवा शेपटीसारखे मांस, अथवा कुल्ल्यांची वाकडी भेग दिसली, तर थांबू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्याची हाडे कोवळी असतात, तेव्हा साध्या सोनोग्राफीतही आतले पुष्कळ दिसते. शंका उरली तर एमआरआय करतात. डाग चिघळला, त्यातून रक्त आले किंवा अंगावर पाच-सहा डाग असले, तरीही डॉक्टरांना दाखवा.

यावर चांगले औषधही आहे. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो शहरातील डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांनी प्रसिद्ध केले, की हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रानोलॉलने बाळाची गाठही आकसते. मात्र हे औषध मनाने देऊ नये. ते दूध पाजूनच द्यायचे. बाळ दूध पीत नसेल, उलट्या करत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना विचारायचे. अडकलेला मज्जारज्जू मात्र औषधाने सुटत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते.

आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत बाळ बघायला घरी येतात. नेमक्या याच दिवसांत डाग उमटतो. तेव्हा बाळाचे कपडे काढून पाठ दाखवा. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथून कोल्हापूरचे आपले सीपीआर रुग्णालय. २०१३ साली आपल्या पालघरातून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे जन्मजात दोष तपासून पुढील उपचारांची सोय आहे. तिची चौकशी करा.

त्या आजींच्या नातीचा मज्जारज्जू खरोखरच अडकलेला निघाला. वेळेवर शस्त्रक्रिया झाली. परवा गेलो, तेव्हा पोरगी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. आजी म्हणाल्या, "साहेब, बिब्बा अडगळीत टाकला!"

आज न्हाऊ घालताना तुमच्या बाळाची पाठ एकदा उजेडात नीट बघा.