उरुसातलं इनाम आणि दिल्लीतला पुरस्कार

डिसेंबर उजाडला की क्रीडा पुरस्कारांच्या याद्यांची चर्चा सुरू होते. खेलरत्न कुणाला, अर्जुन कुणाला, कुणाचं नाव राहिलं. परवा एका मित्रानं विचारलं, 'पदक मिळालं, टाळ्या पडल्या, मिरवणूक निघाली. मग वर्षअखेरीस पुन्हा हा सत्कार कशाला?' मी खेळाडू नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण शाल-नारळाचा थोडाफार अनुभव गाठीशी आहे, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

लहानपणी आमच्या गावच्या उरुसात कुस्त्यांचं मैदान भरायचं. अब्बा मला खांद्यावर बसवून न्यायचे. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या, मग दोन रुपये, पाच रुपये असं करत शेवटी मोठी जोड. जिंकणाऱ्याला तिथंच फेटा बांधला जायचा आणि इनाम हातावर पडायचं. अंगाची माती झाडलेली नसायची, हलगी थांबलेली नसायची. त्या पैशात पैलवानाचं दूध-बदाम काही दिवस भागायचं. इनाम म्हणजे नुसता मान नव्हता, पुढच्या कुस्तीची तजवीज होती.

आता खाशाबा जाधवांचं पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1952 साली हेलसिंकीला गेला, तोही लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 साल उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. गावानं आपलं काम चोख केलं. शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांना वाजतगाजत घरी नेलं. खाशाबांनी नंतर कुस्त्या खेळून प्राचार्यांच्या घराचं कर्ज फेडायला हातभार लावला. पुढं ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये. खाशाबा 1984 साली अपघातात गेले. तोवर तो त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. पोचला तो 2000 सालचा, मरणोत्तर.

असा उशीर सगळेच मुकाट्यानं पोटात घालत नाहीत. 2001 साली मिल्खासिंगांना अर्जुन देऊ केला, तेव्हा चाळीस वर्षं उशीर झाला म्हणून त्यांनी तो नाकारला. मला त्यांचं पटतं. पण सगळ्यांनाच नाकारणं परवडत नाही.

मग पुरस्काराची किंमत काय? रोख रक्कम आहेच. 2020 पासून खेलरत्नाला 25 लाख आणि अर्जुनला 15 लाख रुपये मिळतात. क्रिकेटवाल्याला त्याचं अप्रूप नसेल. गावाकडून आलेल्या नेमबाजाला काडतुसांचा हिशेब करावा लागतो. पण मला मोठी गोष्ट वाटते ती यादीची. पदक ज्या दिवशी मिळतं, त्या दिवशी बातमी होते आणि आठवड्यात शिळी होते. ज्या खेळांना प्रेक्षकच नाहीत, त्यांची तर बातमीही कोपऱ्यात. पुरस्काराच्या यादीत मात्र सगळे एका ओळीत बसतात. 2024 च्या अर्जुनच्या यादीत 32 खेळाडू होते, त्यांतले 17 दिव्यांग. एरवी यांतली किती नावं आपल्या कानावर आली असती?

या यादीत शिरायची वाट मात्र अर्जातून जाते. चार वर्षांची कामगिरी मांडायची, कागद जोडायचे, समितीपुढं गुणांची बेरीज व्हायची. पॅरिसच्या एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळवणाऱ्या मनू भाकरचं नाव डिसेंबर 2024 मध्ये खेलरत्नाच्या शिफारशीत नसल्याची बातमी आली, तेव्हा देश चक्रावला. अर्ज भरताना आपलीच चूक झाली असावी, असं ती म्हणाली. पुढं तिला खेलरत्न मिळालंही. पण सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलेल्या पदकाला पुन्हा अर्ज लागावा, हे आमच्या उरुसातल्या पंचांना समजावून सांगणं कठीण गेलं असतं.

पूर्वी हे पुरस्कार 29 ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिनी दिले जात. अलीकडे ते पुढं सरकत गेले. 2024 चे पुरस्कार दिले गेले 17 जानेवारी 2025 रोजी. त्या दिवशी राष्ट्रपती भवनात आपल्या भागातली दोन माणसं होती. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. पॅरिसचं नेमबाजीतलं कांस्य ऑगस्ट 2024 मधलं, सहा महिन्यांच्या आत अर्जुन. दुसरे मुरलीकांत पेटकर, मूळचे इस्लामपूरचे, सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, तर ते पोहायला लागले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. 2018 मध्ये पद्मश्री, 2024 च्या जूनमध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा, आणि त्यानंतर अर्जुन. स्वप्निल 29 वर्षांचा, पेटकर 80 वर्षांचे.

दोनच दिवस आधी, 15 जानेवारीला, खाशाबांची जयंती झाली होती. महाराष्ट्रात आता तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.