अडखळत वाचणारे मूल आणि छात्राध्यापक

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत कामासाठी मराठवाडा-विदर्भातून, तसेच बिहार व उत्तर प्रदेशातून कुटुंबे येऊन राहतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये त्यांच्या मुलांस वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. यामुळे चौथीत बसलेल्या मुलास पहिलीचे पुस्तकही वाचता येऊ नये, असे घडते. शाळानुभवासाठी आलेल्या छात्राध्यापकास पाठाचे टाचण सुबक करण्याची घाई फार. अशा मुलास बाराखडी पुन्हा गिरवावयास लावणे, एवढाच उपाय त्यास सुचतो.

त्याने प्रथम ऐकावयास शिकले पाहिजे. मुलास जवळ बसवून एक सोपा उतारा द्यावा, मध्ये टोकू नये, आणि ते जे वाचील ते जसेच्या तसे टिपावे. ‘मामी’ऐवजी ‘मामा’ वाचणारे मूल स्वरचिन्हांत अडलेले असू शकते. ‘ब, द, क’ असे सुटे उच्चारून थांबणाऱ्यास अक्षरांची जोडणी साधत नाही. सफाईने वाचूनही अर्थ सांगू न शकणाऱ्यास शब्दच परके असतात. त्यास बाराखडी देणे हा निव्वळ कालापव्यय होय.

हिंदीभाषक मुलाच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ मराठीत निरनिराळे उच्चारले जातात. लिपीत मात्र चिन्ह एकच. मुलाने ‘चाक’मधील ‘च’ ‘चार’प्रमाणे उच्चारला, तर त्याने अक्षर अचूक ओळखले आहे, तो शब्द मात्र कानावरून गेलेला नाही. येथे चूक मोजू नये, शब्द ऐकवावा. ‘शाळा’चे ‘शाला’ होते तेथे गोष्ट वेगळी. प्रचलित हिंदी लेखनात ‘ळ’ आढळत नाही. ते अक्षर नव्यानेच शिकवावे लागते.

वाचनाचा आरंभ मुलाच्याच बोलण्यापासून करता येतो. “पापा रात की ड्यूटी पर गए,” असे त्याने सांगितले, तर ते फळ्यावर तसेच लिहावे व त्याखाली ‘बाबा रात्रपाळीला गेले’ हे वाक्य मांडावे. ‘रात’ व ‘रात्र’, ‘गए’ व ‘गेले’ यांतील नाते मूल आपण होऊन दाखविते. मग मराठी वाक्याच्या शब्दपट्ट्या कापून, विसकटून, त्यास पुन्हा जुळवावयास द्याव्यात. अर्थ आधीच ठाऊक असल्याने सारे लक्ष अक्षरांकडे राहते.

दर आठवड्यास पुन्हा ऐकून नोंद करावी व गट बदलावेत. एकदा ‘कच्चा’ ठरलेला मुलगा वर्षभर त्याच रांगेत राहू नये. छात्राध्यापक काही आठवड्यांनी निघून जातो. जाताना ही नोंदवही त्याने वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी.