ध्रुवीय कार्यनौका
ध्रुवीय कार्यनौका : आर्क्टिक व अंटार्क्टिक प्रदेशांत समन्वेषण व संशोधन यांसाठी किनाऱ्यालगत वापरली जाणारी लहान नौका. मोठे जहाज ज्या उथळ, खडकाळ किंवा मापन न झालेल्या पाण्यात जाऊ शकत नाही, तेथे माणसे व सामान उतरविणे, खोली मोजणे, पाण्याचे व समुद्रतळाचे नमुने घेणे इ. कामे ती करते. बर्फ फोडणे हे तिचे काम नव्हे; बर्फ चुकविणे, त्याचा आघात सोसणे व सुखरूप परतणे या दृष्टीने तिचा अभिकल्प (आराखडा) केला जातो.

बांधणी : नौकेचे आकारमान मूळ जहाजावरील यारीच्या क्षमतेवर अवलंबून असते. यारी उचलू शकेल तेवढ्याच वजनात सांगाडा, एंजिन, इंधन व उपकरणे बसवावी लागतात. त्यामुळे पत्रा जाड केल्यास अन्य भार कमी करावा लागतो. सामान्य पोलाद अतिशीत तापमानात ठिसूळ बनते. सागरी वापराच्या ॲल्युमिनियम मिश्रधातू हलक्या असून त्यांची चिवटता टिकून राहते. म्हणून त्यांचा वापर पुष्कळ होतो. हिमखंड घासतात त्या जलरेषेलगतच्या पट्ट्यात पत्रा अधिक जाड ठेवतात. अंतर्भाग जलाभेद्य कप्प्यांत विभागल्यास एका ठिकाणी भोक पडले, तरी नौका तरंगत राहते. एंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतल्यास नळ्या बर्फाच्या लगद्याने तुंबतात. त्याऐवजी तळाच्या पत्र्यालगतच्या बंदिस्त नळ्यांतून शीतक द्रव फिरविणे श्रेयस्कर ठरते.

हिमसंचय व स्थैर्य : समुद्राचे पाणी सु. –१·९° से. ला गोठते. हवा त्याहून थंड असताना उडणारे तुषार छत, कठडे व दोर यांवर गोठतात. हा भार उंचावर साचल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो व नौका कलंडण्याचा धोका निर्माण होतो. लहान नौकेत हा परिणाम विशेष तीव्र असतो. म्हणून छतावरील साहित्य मोजके ठेवतात आणि स्थैर्याचे गणित बर्फाचा भार धरून करतात.

या तत्त्वाचा प्रत्यय जेम्स केअर्ड या नौकेच्या प्रवासात आला. अर्नेस्ट शॅकल्टन यांचे एन्ड्युअरन्स हे जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फाने चिरडले जाऊन बुडाले. त्यावरील सु. ६·९ मी. लांबीच्या या नौकेच्या बाजू हॅरी मॅकनिश या सुताराने उंच केल्या आणि मिळेल ते लाकूड व कॅनव्हस वापरून तिच्यावर आच्छादन घातले. तळाशी दगडांचे नीरम (स्थैर्यासाठीचा भार) भरले होते. २४ एप्रिल १९१६ रोजी सहा जण एलिफंट बेटावरून निघाले आणि सु. १,३०० किमी. अंतर कापून १० मे रोजी साउथ जॉर्जिया येथे पोहोचले. वाटेत बर्फाच्या थराने नौका जड झाली, तेव्हा त्यांनी आळीपाळीने निसरड्या आच्छादनावर सरपटत जाऊन तो फोडला. जादा वल्ही व भिजून गोठलेल्या दोन शयनपिशव्याही समुद्रात टाकल्या. एलिफंट बेटावर मागे राहिलेल्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली.

मानवी सुरक्षितता : गोठणबिंदूलगतच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात, तो स्वबळावर नौकेत चढू शकेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून बाजूस पाण्यालगत उघडणारे दार, कठड्याला धरून सर्वत्र वावरण्याची सोय, जाड हातमोजे घालून हाताळता येतील अशा कळा आणि उबदार बंदिस्त कक्ष यांना अभिकल्पात उपकरणांइतकेच महत्त्व असते.